दीड गिरकी

६.५, ६.४, ६.०, ५.६.

हे चारही आकडे जिम्नॅस्टिक्समधल्या व्हॉल्टच्या, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायच्या, एकाच उडीचे आहेत. २००८ साली, बीजिंग ऑलिम्पिकच्या वेळी, तिला काठिण्याचे ६.५ गुण मिळत (सफाईचे दहापैकी गुण त्यात वेगळे मिळवतात). रिओत ते ६.४ झाले, टोकियोत ६.०, पॅरिसला ५.६. उडीत काही बदललं नाही. टेबल तेवढंच उंच, धावपट्टी तेवढीच लांब, हवेतल्या गिरक्याही तेवढ्याच. बदलली ती किंमत. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघ प्रत्येक ऑलिम्पिकनंतर गुणांची संहिता नव्याने बांधतो आणि त्या बांधणीत ही उडी उतरत गेली. नवल असं की ती स्वस्त होत गेली तरी जगातल्या सगळ्यात चांगल्या व्हॉल्टपटूंनी तिला सोडलं नाही.

संहितेत तिचं नाव आहे ‘चेंग’. चेंग फेई या चिनी मुलीचं हे आडनाव. चिनी रीतीनं आधी आडनाव, मग नाव.

१४ ऑगस्ट २०१६ची रात्र ज्यांनी भारतात टीव्हीपुढे जागून काढली त्यांनी ही उडी पाहिली आहे, तिचं नाव माहीत नसेल इतकंच. त्या रात्री आपलं सगळं लक्ष त्रिपुराच्या दीपा कर्माकरकडे होतं. तिनं प्रोदुनोव्हा नावाची दुहेरी कोलांटीची उडी मारली, १५.०६६ गुणांची सरासरी मिळवली आणि कांस्यपदकापासून ०.१५० गुणांवर, चौथ्या स्थानी थांबली. सुवर्णपदक घेणाऱ्या सिमोन बाइल्सच्या दोन उड्यांमध्ये जिला १६.०३३ मिळाले, ती चेंग. आपल्याकडे प्रोदुनोव्हाबद्दल भरपूर बोललं गेलं, आणि ते योग्यच होतं. पण त्या अंतिम फेरीचा निकाल ज्या उडीनं पक्का केला तिच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही.

चेंग फेईचा जन्म २९ मे १९८८चा, हुबेई प्रांतातल्या ह्वांगशीचा. यांगत्से नदीकाठचं हे शहर खाणी आणि लोखंड-पोलादाच्या कारखान्यांचं. चीनमध्ये जिम्नॅस्टची वाट आखलेली असते: गावातली क्रीडाशाळा, मग प्रांताचा संघ, मग बीजिंगमधलं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र. प्रत्येक पायरीवर चाळण लागते. दर चार वर्षांनी भरणाऱ्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत प्रांत एकमेकांशी लढतात, त्यामुळे मुलगी राष्ट्रीय संघात गेली तरी प्रांत तिच्यावरचा हक्क सोडत नाही.

त्या चाळणीतून कोणत्या मुली वर येत, हे तोवरच्या पदकांवरून दिसतं. मा यानहोंग १९७९ साली अनइव्हन बार्सवर, म्हणजे कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्यांवर, जगज्जेती झाली आणि १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये त्याच साधनावर तिनं ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं. बार्सिलोनात, १९९२ साली, लू ली हिनं बार्सवरच पूर्ण १० गुण मिळवून सुवर्ण जिंकलं. सिडनीत ल्यू श्वान बीमवर, म्हणजे अरुंद तुळईवर, पहिली आली. बार्स आणि बीम. हलकी अंगकाठी, सैल खांदे, सुईसारखी सरळ रेषा, चूक न करण्याचा सराव: या गोष्टी तिथे घोटून घेतल्या जात. व्हॉल्ट आणि फ्लोअरला, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींना, लागते मांड्यांची ताकद आणि धावण्याचा वेग, आणि तिथे चिनी मुली मागे पडत. सांघिक स्पर्धेत चारही साधनांचं वजन सारखंच असतं. दोन साधनांवर कमावलेलं उरलेल्या दोघांवर निघून जायचं. अथेन्सला, २००४ साली, चीनचा महिला संघ सातवा आला.

पुढच्याच वर्षी, मेलबर्नच्या जागतिक स्पर्धेत, सतरा वर्षांच्या चेंग फेईनं व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं. व्हॉल्टची जगज्जेती झालेली ती पहिली चिनी मुलगी. आणि ते तिनं नव्या उडीसह जिंकलं.

ही उडी नीट समजून घेतल्याशिवाय या मुलीच्या कारकिर्दीला हात घालता येत नाही, म्हणून थोडं सावकाश.

धावपट्टी जास्तीत जास्त २५ मीटर. तिच्या कडेला मोजपट्टी असते आणि प्रत्येक मुलीची सुरुवातीची जागा सेंटिमीटरपर्यंत ठरलेली असते. कुणी तिथे खडूची खूण करते. पावलांची संख्या ठरलेली. शेवटच्या टप्प्यात वेग सेकंदाला सात-साडेसात मीटरच्या आसपास जातो. मग एक लांब झेप आणि राउंड-ऑफ: हात स्प्रिंगबोर्डच्या अलीकडे ठेवलेल्या छोट्या मॅटवर, शरीर बाजूनं उलटून पाय एकत्र, आणि पाय बोर्डवर पडतात तेव्हा पाठ टेबलाकडे. म्हणजे टेबल शेवटचं नीट दिसतं ते हात जमिनीला टेकण्याआधी. पुढचं सगळं अंगात मुरलेल्या अंदाजावर.

हा प्रवेश सोव्हिएत संघाच्या नताल्या युर्चेन्कोनं १९८२च्या सुमारास आणला आणि व्हॉल्ट बदलून गेला. धावण्याचा वेग मागे वळणाऱ्या फिरकीत इतका चांगला उतरवणारा दुसरा मार्ग तोवर नव्हता. धोकाही तितकाच. बोर्डवर एक पाय पडला आणि एक घसरला, तर शरीर डोक्यावर टेबलात शिरतं. अमेरिकेच्या जुलिसा गोमेझला १९८८ साली जपानमधल्या एका स्पर्धेआधीच्या सरावात असंच झालं. तिचं शरीर लुळं पडलं आणि तीन वर्षांनी ती गेली. बोर्डभोवती आज जो इंग्रजी ‘यू’च्या आकाराचा जाड सेफ्टी कॉलर दिसतो, तो या उड्यांसाठी सक्तीचा आहे. २००१पासून जुन्या अरुंद घोड्याच्या जागी रुंद टेबल आलं, १२० सेंटिमीटर लांब, ९५ सेंटिमीटर रुंद, महिलांसाठी १२५ सेंटिमीटर उंच. उलट्या दिशेनं येणाऱ्या हातांना मोठी जागा मिळाली. चेंग फेई ही त्या टेबलावर मोठ्या झालेल्या पहिल्या पिढीतली.

साध्या युर्चेन्कोत बोर्डवरून मागे उडी मारून पाठमोऱ्या हँडस्प्रिंगनं, म्हणजे हातांवर उलटून घेतलेल्या उसळीनं, हात टेबलावर येतात. चेंगमध्ये इथेच पहिली अडचण आहे. बोर्ड सोडल्यापासून हात टेबलाला लागेपर्यंत, म्हणजे डोळ्याची पापणी लवेल एवढ्या वेळात, शरीराला अर्धं वळण घ्यायचं असतं, म्हणजे मग हात टेकताना उडी पुढच्या हँडस्प्रिंगसारखी होते. संहितेत या उड्यांचा गटच वेगळा, पाचवा. बोर्डवर पाठमोरी आलेली मुलगी टेबलावर पुढच्या दिशेची होते. हे वळण हात टेकण्याआधी पूर्ण व्हायला हवं. बऱ्याच जणींचं ते पाऊणच होतं: एक हात आधी, दुसरा नंतर आणि थोडा वाकडा. पंच त्याचे गुण कापतात, पण खरा दंड नंतर बसतो. दोन्ही हातांनी सरळ मिळायला हवा तो टेबलाचा धक्का तिरका मिळतो, उडी एका बाजूला वाहवत जाते आणि मुलगी गादीवर आखलेल्या मार्गिकेबाहेर पडते. एक पाय रेषेबाहेर गेला तर ०.१, दोन्ही गेले तर ०.३. पडद्यावर आपल्याला दिसतं ते लँडिंगला रेषेवर पडलेलं पाऊल. चूक झालेली असते टेबलाच्या अलीकडे.

हात टेबलावर असतात तो क्षण सेकंदाच्या पाचव्या भागाइतका. कोपर वाकलं की उंची गेली. जोर खांद्यातून यायचा असतो. प्रशिक्षक याला ‘ब्लॉक’ म्हणतात. चेंडू भिंतीवर आपटून परततो तसा तो हवा. त्यानंतर पुढच्या दिशेची कोलांटी, पूर्ण सरळ शरीरानं, आणि त्या एका कोलांटीत दीड गिरकी. या सगळ्याला मिळतो साधारण एक सेकंद, बहुतेकदा त्याहून जरा कमी.

गिरकीची घाई ही इथली ठरलेली चूक. हात टेबलावर असतानाच खांदा वळवायला सुरुवात केली की ब्लॉक अर्धवट राहतो, कंबर मोडते, उंची कमी पडते आणि शेवटची अर्धी गिरकी जमिनीजवळ ओढून आणावी लागते. पायांची आढी पडते, गुडघे सुटतात. उंची कमी असल्याचे ०.१ ते ०.५, पाय सुटल्याचे वेगळे, शरीराची रेषा मोडल्याचे वेगळे. म्हणून ही उडी शिकवताना गिरकी शेवटी येते. आधी राउंड-ऑफनंतर अर्धं वळण घेऊन टेबलाच्या उंचीच्या गाद्यांच्या ढिगावर जायचं, मग फोमच्या खड्ड्यात, मग खड्ड्यावर पसरलेल्या मऊ गादीवर, आणि अगदी शेवटी स्पर्धेच्या गादीवर. कोलांटी आधी सरळ, मग अर्ध्या गिरकीची, मग एका गिरकीची. अर्ध्या गिरकीनं उतरताना उंची शिल्लक उरत नसेल, तर पुढच्या गिरकीला हात लावू नये. शिल्लक उंची हेच या उडीचं भांडवल आहे, आणि चेंग फेईकडे ते होतं.

तिच्याआधी याच रांगेत सोव्हिएत संघाची ओक्साना ओमेल्यान्चिक होती, युक्रेनची लिलिया पोदकोपायेव्हा होती. मेक्सिकोच्या डेनिस लोपेझच्या नावानं सरळ शरीर आणि अर्धी गिरकी अशी उडी आहे. चेंग फेईनं त्या अर्ध्या गिरकीत आणखी एक पूर्ण गिरकी घातली. मधली पायरी, एक गिरकीची, रशियाच्या आलिया मुस्ताफिनाच्या नावावर नंतर लागली, आणि दोन गिरक्यांची उडी सिमोन बाइल्सनं २०१८ साली दोहात करून दाखवली. वंशावळीसारखी ही यादी वाचली की कळतं: चेंग फेईनं एक पायरी चुकवून वरच्या पायरीवर पाय ठेवला होता.

लँडिंगबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढे बीजिंगमध्ये ती महत्त्वाची ठरली. चेंगमध्ये शेवटी मुलीचं तोंड टेबलाकडे असतं. गादी डोळ्यांना आधी दिसते, पाय कधी टेकणार हे कळतं. फिरकी कमी पडली तर छाती खाली येते आणि हात टेकतात. जास्त झाली तर पावलं मागे जातात. अमानार नावाची दुसरी मोठी उडी, सिमोना अमानारनं २०००च्या सिडनीत केलेली, हिच्यात साध्या युर्चेन्कोवरून मागच्या कोलांटीत अडीच गिरक्या असतात आणि लँडिंगला पाठ टेबलाकडे. गादी दिसते ती अगदी शेवटी. प्रशिक्षक तिला आंधळं लँडिंग म्हणतात.

आणि व्हॉल्टच्या वैयक्तिक अंतिम फेरीत दोन वेगळ्या उड्या लागतात. दोघींच्या गुणांची सरासरी निघते. चेंग आणि अमानार ही जोडी त्यासाठी फार सोयीची आहे. धाव तीच, खूण तीच, बोर्डचं अंतर तेच, राउंड-ऑफ तोच. वाट फुटते ती बोर्ड सोडल्यावर. सरावाचे निम्मे कष्ट दोन्हींत कामी येतात. नेमकं हेच धोक्याचंही आहे, कारण टेबलावर हात कसे पडणार हे शरीराला क्षणार्धात आठवावं लागतं.

मेलबर्ननंतरची दोन वर्षं तिची होती. २००६ला डेन्मार्कमधल्या आरहुस इथे तिनं व्हॉल्ट आणि फ्लोअर दोन्ही जिंकले, आणि चीनच्या महिला संघानं पहिल्यांदाच सांघिक जागतिक विजेतेपद मिळवलं. अथेन्सच्या सातव्या क्रमांकापासून दोन वर्षांत इथवर. फ्लोअरचं सुवर्ण मला व्हॉल्टइतकंच मोठं वाटतं. चिनी मुलींची पायांची ताकद कमी पडते, हा समज तिनं दोन्हीकडून पाडला. २००७ला श्टुटगार्टमध्ये व्हॉल्टचं सलग तिसरं सुवर्ण. संघ तिथे दुसरा.

हे वर्णन पदकांच्या यादीसारखं वाटेल, पण त्या संघात तिचं काम पदकांपलीकडचं होतं. मुख्य प्रशिक्षक लू शान्झेन यांच्या हाताखाली बीजिंगसाठी जो संघ उभा राहिला, त्यात ती कर्णधार होती आणि वीस वर्षांची होती. बाकीच्या पाचजणी, यांग यीलिन, ल्यी शानशान, हे केशिन, च्यांग युयुआन आणि तंग लिनलिन, तिच्याहून लहान. सांघिक अंतिम फेरीत प्रत्येक साधनावर तिघीच उतरतात आणि तिघींचेही गुण धरले जातात. टाकून द्यायला गुणच नसतात. व्हॉल्टवर आपल्याकडे १६च्या आसपास गुण आणणारी एक मुलगी आहे, एवढी खात्री असली की बार्स आणि बीमवर उतरणाऱ्या मुलींना वेगळाच धीर येतो. १३ ऑगस्टला चीननं १८८.९०० गुणांनी सुवर्ण जिंकलं, अमेरिका १८६.५२५, रुमानिया १८१.५२५. चिनी महिला संघाचं हे पहिलं ऑलिम्पिक सांघिक सुवर्ण.

त्या संघातल्या काही मुलींच्या वयावरून तेव्हा वाद झाला. ऑलिम्पिकच्या वर्षात सोळा पूर्ण व्हायला हवीत, हा नियम १९९७पासूनचा. महासंघानं चौकशी केली आणि बीजिंगच्या संघाला ऑक्टोबरमध्ये निर्दोष ठरवलं. त्याच चौकशीच्या ओघात सिडनीच्या वेळच्या तोंग फांगश्याओचं वय कमी असल्याचं निष्पन्न झालं आणि २०१०मध्ये चीनचं २०००चं सांघिक कांस्य काढून घेण्यात आलं. खेळाच्या नियमांनी लहान मुलींचं रक्षण व्हायला हवं आणि तो निर्णय बरोबरच होता. पण या वादाच्या गदारोळात वीस वर्षांची, पूर्ण वाढ झालेली, धावपटूसारख्या पायांची कर्णधार झाकोळली, याचं मला वाईट वाटतं. बायकांचं जिम्नॅस्टिक्स म्हणजे चिमुकल्या मुलींचा खेळ, या समजुतीला तिच्याएवढं चांगलं उत्तर त्या संघात दुसरं नव्हतं.

मग आला १७ ऑगस्ट. व्हॉल्टची अंतिम फेरी, मैदान घरचं, तीन वेळची जगज्जेती.

पहिली उडी तिची स्वतःची. काठिण्य ६.५, सफाईचे ९.५७५, एकूण १६.०७५. दहापैकी साडेनऊच्या वर सफाई म्हणजे सर्वोत्तम पातळी. दुसरी उडी अमानार, काठिण्य तेवढंच, ६.५. उतरताना तोल पुढे गेला आणि गुडघे गादीला टेकले. सफाई ८.५५०, एकूण १५.०५०. सरासरी १५.५६२.

सुवर्ण उत्तर कोरियाच्या हाँग उन-जाँगला, १५.६५०. रौप्य जर्मनीकडून खेळणाऱ्या तेहतीस वर्षांच्या ओक्साना चुसोव्हितिनाला, १५.५७५. चेंग फेई तिसरी. आणि दोन्ही उड्यांवर पायांवर उतरलेली अमेरिकेची अलिशिया साक्रामोनी १५.५३७ गुणांनी चौथी.

पडलेल्या मुलीला पदक आणि उभी राहिलेली रिकाम्या हातानं परत, यावर तेव्हा पुष्कळ राग व्यक्त झाला. तो समजण्यासारखा आहे. पण आकडे मांडून पाहू. पडण्याचा दंड त्या वेळी ०.८ होता. चेंग फेई न पडता, बाकीच्या सगळ्या त्रुटींसह उतरली असती, तर दुसऱ्या उडीचे १५.८५० झाले असते आणि सरासरी १५.९६२, सुवर्ण तिचं होतं, तेही ०.३ गुणांहून जास्त फरकानं. उलट, २००९पासून हा दंड १.० झाला. तोच दंड बीजिंगमध्ये असता तर दुसरी उडी १४.८५० आणि सरासरी १५.४६२. म्हणजे चौथी. एकाच पडण्यावर, नियमाच्या एका आकड्यानं, सुवर्ण आणि पदकाशिवाय परतणं यांच्यामधलं सगळं अंतर भरलेलं आहे. पंचांनी पक्षपात केला असं मला वाटत नाही. त्यांनी त्या दिवशीच्या नियमाप्रमाणे गुण दिले, आणि नियमानं काठिण्याला फार मोठं वजन दिलेलं होतं. दंड वाढला हे खेळासाठी चांगलं झालं, हेही मला तितकंच पटतं.

साक्रामोनीनं २०१०ला व्हॉल्टचं जागतिक सुवर्ण जिंकलं, हेही इथे नोंदवायला हवं.

त्याच दिवशी चेंग फेई फ्लोअरच्या अंतिम फेरीतही उतरली. १४.५५० गुण, सातवी. ज्या दोन साधनांवर ती जगज्जेती होती, ती दोन्ही एकाच दिवसात हातून गेली. आणि दोन दिवसांनी, १९ ऑगस्टला, बीमवर तिला १५.९५० गुण मिळाले आणि कांस्य. अमेरिकेच्या शॉन जॉन्सन आणि नॅस्टिया ल्यूकिन तिच्या पुढे. बीम पाच मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद. व्हॉल्टमध्ये चुकायला वेळच नसतो. बीमवर दीड मिनिटभर प्रत्येक पावलाला चुकायची संधी असते. गुडघ्यांवर पडलेल्या मुलीनं अठ्ठेचाळीस तासांत त्या दहा सेंटिमीटरवर उभं राहून पदक काढावं, हे मला तिच्या कारकिर्दीतलं सगळ्यात कणखर काम वाटतं. त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं.

२०१२च्या लंडन ऑलिम्पिकसाठी तिनं परत यायचा प्रयत्न केला. टाचेमागच्या अकिलीस कंडऱ्याच्या दुखापतीनं तो थांबला. व्हॉल्ट आणि फ्लोअरवरच्या मुलींचा हा शत्रू ठरलेला आहे: स्प्रिंगबोर्डवरची ती एक ठोकर, फ्लोअरवर उसळी घेताना घोट्यावर येणारा भार, वर्षानुवर्षं, दिवसाला कित्येकदा. ताणून ताणून कंडरा झिजतो आणि एखाद्या साध्या उडीच्या वेळी सुटतो. पुढे ती वुहानच्या क्रीडा विद्यापीठात शिकवू लागली.

तिच्यामागे चीनमध्ये व्हॉल्टची परंपरा उभी राहील असं वाटलं होतं. तसं झालं नाही. बीजिंगनंतर पॅरिसपर्यंत, ऑलिम्पिक किंवा जागतिक स्पर्धेत, एकाही चिनी मुलीला व्हॉल्टचं पदक मिळालं नाही. बार्स आणि बीमवर मात्र ती येत राहिली. कारण माझ्या मते सरळ आहे. चाळण बदलली नाही. क्रीडाशाळांमधून वर येणाऱ्या मुली हलक्या आणि लवचीक याच निकषावर निवडल्या जात राहिल्या, आणि संहितेतल्या व्हॉल्टच्या किमती उतरत गेल्या तसं तिथे घाम गाळण्याचं कारणही कमी झालं. एका उडीला ६.५ देणं बाकी साधनांच्या मानानं जास्तच होतं, कारण तिकडे तेवढ्या काठिण्यासाठी अख्खी रचना बांधावी लागते. महासंघानं ते सावरलं, यात चूक नाही. पण चीनच्या संघाला ज्या दारातून चेंग फेई बाहेर घेऊन गेली होती, ते दार मागून हळूहळू लागलं.

उडी मात्र बाहेर पडली होती. रिओत बाइल्स. टोकियोत ब्राझीलच्या रेबेका अंद्रादेनं चेंगवर १५.१६६ आणि अमानारवर १५.००० मिळवून व्हॉल्टचं ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं; बीजिंगमध्ये हुकलेली तीच जोडी. त्याच अंतिम फेरीत अमेरिकेची जेड केरी धावत आली, राउंड-ऑफच्या आधी तिचं पाऊल चुकलं, आणि तिनं क्षणार्धात चेंग सोडून एक साधी कोलांटी घेतली. सरासरी १२.४१६, शेवटचा क्रमांक. टीव्हीवर ते अपयश दिसलं. खरं तर त्या वेगात, पाऊल चुकल्यावर अर्धं वळण न घेण्याचा निर्णय घेणं हीच तिची त्या दिवसाची मोठी गोष्ट होती. जुलिसा गोमेझची आठवण असलेल्या कुणालाही ते लगेच कळेल.

तीन वर्षांनी पॅरिस. चेंगची किंमत आता ५.६. बाइल्सकडे तोवर त्याहून कितीतरी महाग, ६.४ची, तिच्या स्वतःच्या नावाची उडी होती. तरी दुसऱ्या उडीसाठी तिनं चेंगच ठेवली आणि १४.९०० मिळवले. अंद्रादेनं चेंगवर १५.१०० काढले, म्हणजे सफाईचे ९.५००. जेड केरी पुन्हा त्याच खुणेवर उभी राहिली, धावली, या वेळी पाऊल बरोबर पडलं. सुवर्ण, रौप्य, कांस्य, तिघींच्याही दोन उड्यांत एक चेंग होती, आणि तिघीही टेबलाकडे तोंड करून पायांवर उतरल्या.